पिशवी कुणाकडं आहे?

बेंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या त्या अवाढव्य हॉलमध्ये एक पोरगा मोबाइल सरसावून उभा राहिला. समोर खांद्यापासून नडगीपर्यंत फोमचं चिलखत चढवलेला आम्हा बेळगावकरांतला एक गडी होता आणि त्याला लागून पाठीवर सॅक, काखेत शिरस्त्राण, हातात पाण्याची बाटली अशा थाटात दुसरा. पोरगा त्या दुसऱ्याला अगदी नम्रपणे म्हणाला, "ब्रो, थोडा साइड हो जाओ ना." तो झाला. फोटो निघाला, पोरगा थँक्यू म्हणून गेला. पुढचा आला, तोही तेच म्हणाला. यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिकवेड्यांच्या आणि आवडत्या पात्रांची सोंगं घेणाऱ्यांच्या मेळ्यात, हे दर पाच पावलांवर घडतं, आणि चिलखताच्या शेजारी निळी सॅक फोटोत कुणाला हवी असते? तरीही ते 'साइड हो जाओ' मनात रुतलं ते रुतलंच. कारण त्या चिलखताचा डावा खांदा त्या घडीला जागेवर होता तो साइडला झालेल्याच्या सॅकमधून निघालेल्या दोन सेफ्टी पिनांच्या जिवावर.

चार मित्र अशा ठिकाणी निघाले की चर्चा सुरू होते कोण काय होणार यावरून. ती सुरू व्हावी पिशवी कोण धरणार यावरून. चिलखतातल्या माणसाला वाकता येत नाही, खाली बघता येत नाही, खिसे नसतात, आणि शिरस्त्राण घातलं की आजूबाजूचं दिसणं जवळपास बंद. म्हणजे दिवसभर त्याचं तिकीट, मोबाइल, पैसे, पाणी आणि अर्धी नजर दुसऱ्याच्या ताब्यात. पिशवीत काय असावं हेही ठरलेलं आहे. मोठ्या सेफ्टी पिना, कापडी चिकटपट्टी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, चपला शिवायचा मेणदोरा आणि जाड सुई, मीटरभर जादा इलॅस्टिक, सॅकच्या पट्ट्याला असतात तशा दोन-तीन प्लास्टिकच्या क्लिपा, ओआरएसची पाकिटं, एक टॉवेल. कात्री न्यायची तर पोरांची, बोथट टोकाची; टोकदार असली तर दारावरच जाते. आणि फेविक्विकच्या दोन ट्यूबा. पण ती जपून. सुती कापडावर सांडली तर ती झटकन तापते आणि आतल्या अंगाला चटका बसतो. शिवाय तिचा सांधा काचेसारखा कडक होतो. कोपर, गुडघा अशा वाकणाऱ्या जागी तो दहा मिनिटं टिकला तर नशीब.

खांदा निघतो का, याचं उत्तर पिशवीत नसतं, ते महिनाभर आधी घरात ठरलेलं असतं.

फोमचं चिलखत म्हणजे ईव्हीए शीट. चपला-बुटांचं साहित्य विकणाऱ्या दुकानात सोलसाठी ठेवतात तीच. छाती, पाठ आणि खांद्याला १० मिमी, दंड आणि मनगटाला ५-६ मिमी, वरच्या नक्षीला २ मिमी. घट्ट, बारीक दाण्याची शीट घ्यावी. बोटानं दाबल्यावर खळगा राहणारी मऊ शीट स्वस्त पडते आणि पट्टा ओढला की तिथंच फाटते. चिकटवायला नव्या माणसाच्या हातात पहिल्यांदा ग्लू गन येते, कारण ती सोपी. गरम गोंद लावा, धरा, झालं. पण तो गोंद उष्णतेनं वितळतो म्हणूनच चिकटतो आणि उष्णतेनंच सुटतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तासभर ठेवलेलं चिलखत बाहेर काढताना शिवणी हातात येतात त्या यामुळे. टिकायचं असेल तर चपला दुरुस्त करणारे आणि सनमायका बसवणारे सुतार वापरतात तो पिवळसर रबरी गोंद हवा. दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की मग कडेला कड भिडवायची. ओला असताना भिडवला तर आतला द्राव बाहेर निघत नाही आणि सांधा लिबलिबीत राहतो. एकदा भिडला की सरकवता येत नाही; म्हणून एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाण्याऐवजी आधी दोन्ही टोकं, मग मध्य, मग उरलेलं. घरातल्या सगळ्यांना या गोंदाच्या वासानं डोकं धरायला होतं, तेव्हा हे काम गच्चीवर.

आणि बेळगावात ते पावसाळ्यात नको. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. आषाढात खोलीतल्या भिंतीलाही घाम येतो. गोंदातला द्राव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. वरून तो वाळल्यासारखा दिसतो, जरा पांढुरका होतो, दाबला की चिकटतोसुद्धा, आणि पंधरा दिवसांनी कागदासारखा सुटून येतो. ज्यांना डिसेंबर-जानेवारीचा बेत आखायचा आहे त्यांनी कापाकापी श्रावणात करावी, चिकटवणं दिवाळीच्या आगेमागे. कोरडी हवा, किल्ल्याची माती अंगणात, पोरं मावळे मांडतायत, आणि वरच्या मजल्यावर हा कार्यक्रम. घरचे बोलतात थोडं, पण कुणी फारसं अडवत नाही.

माप काढण्याची एक रीत आहे. अंगात जुना टी-शर्ट, त्यावर स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिक रॅप, त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर. मग पेननं छातीच्या मधली रेघ, कडेच्या रेघा, वरच्या दिशेला बाण, डावं-उजवं, आणि जिथं कापणार त्या रेघेवर दर चार बोटांना एक आडवी खूण. या खुणा विसरल्या तर पुढे सगळे तुकडे सारखेच दिसतात. कापून सपाट केलं की जिथं कागद सपाट बसत नाही तिथं चीर द्यायची. ती चीर म्हणजेच चिलखताचा बाक. आता गोम अशी की हे माप अंगालगतचं, आतल्या बाजूचं. १० मिमी शीट पूर्ण गोल वळवली तर तिच्या मधल्या रेषेचा घेर आतल्या घेरापेक्षा सुमारे ३१ मिमी जास्त भरतो. तेवढं वाढवलं नाही तर चिलखत बरोबर मापाचं होऊनही अंगात जात नाही. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, ज्यांच्या घरचं कुणी ओतकामाच्या पॅटर्नच्या कामात आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. ओतीव लोखंड गार होताना आकसतं म्हणून लाकडी पॅटर्न मीटरमागे साधारण १० मिमी मोठाच करायचा, हे तिथं पोरगं पहिल्याच वर्षी शिकतं. वस्तू जशी हवी तसं माप घ्यायचं नाही, वस्तू कशी वागणार त्याचं माप घ्यायचं. या बाबतीत बेळगावचा फौंड्रीतला माणूस बेंगळूरच्या डिझायनरच्या दोन पावलं पुढे असतो, असं माझं मत. पक्षपाती असेल, असू दे.

बाकीचं वेगानं सांगतो. ब्लेड दर थोड्या वेळानं मोडून नवं करावं, बोथट ब्लेडनं कड कुरतडल्यासारखी होते आणि मग कितीही रंग लावला तरी ती दिसते. कापल्यावर गरम हवा सोडणारी हीट गन सगळीकडून फिरवायची; पृष्ठभागाला किंचित चकाकी आली की वरची छिद्रं मिटली समजावं, नाहीतर फोम रंग पीतच राहतो. एकाच जागी धरली तर फोड येतात. गरम असताना गुडघ्यावर दाबून बाक द्यायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे तीन-चार हात कडक भागांना पुरतात, वाकणाऱ्या भागांना तडे जातात. रंगासाठी कुठलं ट्युटोरियल बघण्यापेक्षा घरातला जुना तांब्याचा हंडा बघावा. कडांवर हात लागून लागून चमक आलेली, खाचांत काळं साचलेलं, बुडाला ठोक्यांचे डाग. आधी सगळं काळं, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं नुसत्या उंचवट्यांवर रंग फिरवायचा. नव्याकोऱ्या चांदीच्या रंगाचं चिलखत फोटोत प्लास्टिकचं दिसतं.

आता, हे सगळं करणाऱ्या पोरांकडे बघून 'हे कुठलं परदेशी खूळ' म्हणणारे काका प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना शिवजयंतीच्या चित्ररथांची आठवण द्यावी. वैशाखात तिथीनं शिवजयंती झाली की बेळगावच्या रस्त्यांवर रात्रभर जी मिरवणूक चालते, ती वेशभूषा नाहीतर काय आहे? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा केलेला दरबार, अफझलखानाचा शामियाना, ड्रेपरीवाल्याकडून आणलेले अंगरखे, जिरेटोप, स्पिरिट गमनं चिकटवलेल्या दाढ्या. दाढीचा गम लावल्यावर तो बोटानं टिपून टिपून चिकट करायचा आणि मगच केस बसवायचे, हे तिथल्या मेकअपमनला विचारा. घाम आला की ओठांच्या कोपऱ्यापासून ती सुटते, म्हणून पात्राला हसू नको सांगतात. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. १८८० साली शाकुंतल रंगमंचावर आणणाऱ्या माणसाच्या मुलखात सोंग घेण्याला कुणी नाकं मुरडावीत, हे गंमतीचं आहे.

फरक आहे तो वेगळ्याच जागी. चित्ररथाचे फोटो काढून बघा. वाघनखं उगारलेल्या महाराजांच्या मागे मंडळाचा भगवा टी-शर्ट घातलेला कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन उभा असतो. खान पडलेला असतो आणि त्याच्या उशाशी जनरेटरची वायर धरून एक पोरगा. कडेला बांबू घेतलेले दोघे, रस्त्यावरच्या विजेच्या तारा उचलून धरायला, कारण चित्ररथाचा कळस तारांपेक्षा उंच. त्यांना कुणी बाजूला व्हा म्हणत नाही. म्हटलं तरी ते होणार नाहीत. पात्र आणि पात्राला सांभाळणारा एकाच फोटोत येतात, एकाच पहाटे एकाच गाड्यावर चहा पितात, आणि दुसऱ्या दिवशी 'आमचा चित्ररथ' म्हणताना दोघांच्या आवाजात तसूभर फरक नसतो. देखावा म्हणून बघाल तर हा दोषच. कॉमिक कॉनचा फोटो जास्त स्वच्छ येतो हे खरं आहे.

प्रवासाकडे येऊ. बेळगावहून बेंगळूरला वंदे भारत सुरू झाल्यापासून पोरं आधी तिचाच विचार करतात, पण ती पहाटे सुटून दुपारी दोनच्या आसपास पोचते. कॉमिक कॉनचं दार सकाळी अकराच्या सुमारास उघडतं आणि संध्याकाळी बंद होतं, म्हणजे निम्मा दिवस गाडीतच. रात्रीची गाडीच बरी. चिलखत चौकड्याच्या मोठ्या पिशव्यांत भरायचं, एकात एक: मांडीच्या आत नडगी, खांद्याच्या आत मनगट, आणि पोकळीत कपडे कोंबायचे म्हणजे बाक टिकतो. बर्थखाली ढकलून त्यावर सामान ठेवलं तर रात्रभराच्या वजनानं फोम चेपतो आणि सकाळी हीट गन कुठून आणणार? शिरस्त्राण उशाशी. गोंदाचा डबा किंवा रंगाचा स्प्रे रेल्वेत न्यायचाच नाही, ते ज्वालाग्राही पदार्थांत मोडतात. सोबत धपाटे, शेंगाचटणी आणि दही. आत बाहेरचं खाणं बहुतेक नेऊ देत नाहीत आणि आतलं महाग, तेव्हा पोटभर आधीच. सकाळी उतरायचं ते क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचं नाव असलेल्या स्टेशनवर. रायण्णा बैलहोंगल भागातल्या संगोळ्ळीचे, १८३१ साली फाशी गेले ते खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. बेळगावचा माणूस राजधानीत पहिलं पाऊल टाकतो ते आपल्याच जिल्ह्याच्या माणसाच्या नावाखाली. तिथून पर्पल लाइनची मेट्रो थेट व्हाइटफील्डकडे, तासाभराचा प्रवास. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ती सलग आहे. त्याआधी हे अंतर रस्त्यानं कापताना दुपार व्हायची.

चिलखत घालून मेट्रोत चढण्याचा मोह टाळावा. एक तर बसता येत नाही, दुसरं म्हणजे दारावरची तपासणी दोनदा होते. हॉलपाशी जाऊनच चढवावं, आणि चढवायचाही क्रम आहे. आधी स्वच्छतागृह. मग बूट, कारण छाती बांधल्यावर बुटांपर्यंत हात पोचत नाही. मग नडग्या, मांड्या, छाती-पाठ, मनगटं, खांदे, हातमोजे, शेवटी शिरस्त्राण. नडगीचं खालचं टोक घोट्याच्या दोन बोटं वर कापलेलं असावं, नाहीतर जिना उतरताना प्रत्येक पायरीला ते पावलावर आपटतं आणि वर सरकून गुडघ्याला लागतं. हातमोजे घालण्याआधी मोबाइल पिशवीवाल्याकडे, हातमोज्यांतून पडदा चालत नाही. आणि मनगटाला कागदी पट्टा बांधतात तो मनगटाचं चिलखत चढवण्याआधी बांधून घ्यावा. रांगेत पुढे गेल्यावर "पट्टा दाखवा" म्हटलं की मागे दोनशे माणसं आणि इथं क्लिपा सोडणं चालू. शस्त्रांची तपासणी वेगळी: धातूचं पातं नको, खऱ्यासारखी बंदूक नको, टोक बोटानं दाबल्यावर वाकलं पाहिजे. तलवारीच्या आत कणा म्हणून लोखंडी गज घातलेला असेल तर ती दारावरच राहते. प्लास्टिकचा पाइप किंवा फायबरची काडी घालावी. तिथल्या स्वयंसेवकानं कन्नडमध्ये विचारलं आणि आमच्यातल्या एकानं अस्सल उत्तर कर्नाटकी 'रीं'नी भरलेल्या कन्नडमध्ये उत्तर दिलं, तर तो बेंगळूरचा पोरगा गालात हसला. पण तलवार सोडली.

आत गेल्यावर पहिल्यांदा येतो तो आवाज. स्टेजवर कुणीतरी सतत ओरडून बक्षिसं वाटत असतं, गेमिंगच्या दालनातून गोळीबार, त्यावर पत्र्याच्या छताचा घुमारा. मग वास: पॉपकॉर्न, ताज्या छापलेल्या पोस्टरची शाई, आणि कुठूनतरी ओळखीचा रबरी गोंद, म्हणजे कुणीतरी आदल्या रात्रीपर्यंत काम करत होतं. गर्दीत नेटवर्क गचकतं, म्हणून यूपीआयच्या भरवशावर न राहता सुटे पैसे ठेवावेत, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवावी. 'स्टेजजवळ' नव्हे, तिथं सगळेच असतात, एखादा नंबर लिहिलेला खांब. शिरस्त्राणात वीस मिनिटांत काच धुरकट होते, श्वासाचं बाष्प. हनुवटीखाली दोन बोटांची फट आणि कपाळापाशी लपवलेली छिद्रं ठेवली असतील तर हवा फिरते. कॉम्प्युटरमधला छोटा ४० मिमी पंखा बसवणारेही असतात, आणि मग पॉवर बँक लावून ती दर मिनिटाला बंद का पडते म्हणून वैतागतात. पंखा किंवा दोन-चार एलईडी इतकी कमी वीज ओढतात की पॉवर बँकेला वाटतं, काही जोडलेलंच नाही, आणि ती झोपी जाते. तिथं पेन्सिल सेलचा साधा डबा बरा.

पण खरी अडचण पाण्याची. स्वच्छतागृहाला जाणं म्हणजे दोघांची पंधरा मिनिटं, म्हणून चिलखतातला माणूस पाणी पिणं टाळतो, आणि दुपारी तीनच्या सुमाराला गप्प होतो. आधी उत्तरं तुटक, मग उभ्या उभ्या डुलणं. फोटो मागणाऱ्यांना हे कळत नाही, त्यांना तो भूमिकेत शिरल्यासारखा वाटतो. कळतं ते बाटली धरणाऱ्याला. "पी की गा, नाटकं नको करू," म्हणून तो शिरस्त्राण ओढून काढतो, ओआरएस पाजतो, भिंतीला टेकवतो, फोटोवाल्यांना हात करून लांब ठेवतो. कमरेची क्लिप बाजूला असेल आणि खालचा भाग वरच्याशिवाय सुटत असेल तर हा सगळा प्रश्न निम्मा होतो. चिलखत आखताना कुणी याचा विचार करत नाही, सगळे समोरून कसं दिसेल याचाच करतात.

कॉमिक कॉनमध्ये कॉमिक कुठं असतात, असं विचारणारे खवचट लोक भेटतात, आणि ते अगदीच चूक नाहीत. मोठे स्टॉल टी-शर्ट, बाहुल्या आणि किचेनचे. पण मागच्या बाजूच्या टेबलांवर, जिथं चित्रकार स्वतः बसलेले असतात, तिथं वेळ काढावा. चार-सहा फुटांचं टेबल, मागे उभा केलेला फलक, पुढे ए-फोर आणि ए-थ्री प्रिंट, स्टिकर, आणि एखाददुसरं स्वतः छापलेलं पुस्तक. सकाळच्या पहिल्या तासात ते मनापासून बोलतात. चारनंतर घसा बसलेला असतो. प्रिंट घेतली तर गुंडाळायला पुठ्ठ्याची नळी घरूनच न्यावी, नाहीतर परतीच्या गाडीत ती चुरगळणारच. जुन्या अंकांचा स्टॉल असेल तर तिथं आमच्या पिढीच्या काकांची गर्दी. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं, १९९० ला थांबलं, आणि मराठीतला वेताळ (म्हणजे फँटम) वाचलेली माणसं अजून कपाटं उघडून बसलेली आहेत. जुना अंक घेताना मुखपृष्ठावर भुलू नये. मधली जोडपानं आधी बघावीत, स्टेपल गंजून तीच पहिल्यांदा सुटतात. कूपन किंवा कोडं कापून घेतलेलं आहे का, मागच्या बाजूला कुणी पेननं मिशा काढल्यात का, आणि वास. कुबट वास म्हणजे बुरशी, ती तुमच्या कपाटातल्या बाकीच्या अंकांना लागणार. तो वृत्तपत्राचा कागद, आम्लधर्मी, पिवळा पडणारच. पण पॉलीप्रॉपिलीनच्या पाकिटात, मागे पुठ्ठा घालून, उभा ठेवला तर सावकाश पडतो. पीव्हीसीचं गुळगुळीत पाकीट मात्र नको, ते काही वर्षांनी शाईला चिकटतं. आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटाच्या खालच्या कप्प्यात तर मुळीच नको.

मराठी पुस्तक शोधून सापडलं नाही तर मन खट्टू होतं, कन्नडचीही तशीच गत दिसली. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाषा इथं एकाच रांगेत मागे उभ्या. आणि तरी या मेळ्याच्या मुळाशी कर्नाटकातलाच एक माणूस आहे. अमर चित्र कथा १९६७ मध्ये सुरू करणारे अनंत पै कारकळचे. भारतातलं पहिलं कॉमिक कॉन २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटला भरलं, तिथं त्यांना जीवनगौरव दिला गेला, आणि पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला ते गेले. ज्यांच्या चित्रकथांतल्या मुकुटांवरून आणि बाहुभूषणांवरून आपल्या गणपतीपुढचे निम्मे देखावे उभे राहिले, त्यांच्या हयातीतच या नव्या मेळ्यानं त्यांचा मान राखला हे बरं झालं. यावर कुणी फार बोलत नाही. नव्या पोरांना जपानी नावं पाठ असतात, हे नाव सांगितलं की "अच्छा, ते अंकल पै?" म्हणतात आणि क्षणभर तरी थांबतात, एवढं पुरे.

संध्याकाळी सहानंतर हॉलचा रंग बदलतो. भिंतीला टेकून उघड्या पायांनी बसलेले राक्षस, पंख काढून शेजारी ठेवलेल्या पऱ्या, पोटरी चोळणारे सेनापती. ओळख नसलेले लोक एकमेकांना टेप देतात. आमच्या निळ्या सॅकमधला मेणदोरा एका अनोळखी मुलीच्या तुटलेल्या पट्ट्याला लागला. तिच्यासोबत पिशवीवालं कुणी नव्हतं, एकटीच आली होती आणि सकाळपासून एका हातानं खांदा धरून फिरत होती. तिनं आभार मानले ते सॅकवाल्याचे, आणि फोटो काढायचा म्हटला तो चिलखतवाल्यासोबत. सॅकवाल्याला त्याचं काहीच वाटलं नाही. तो त्या वेळी उरलेलं इलॅस्टिक गुंडाळत होता, आणि त्याला विचारलंच तर तो म्हणाला असता की आज सगळ्यात जास्त चिलखतं त्यानंच आतून बघितली. खरंच आहे ते. बाकीच्यांनी दिवसभर पुढची बाजू बघितली. कोण कुठला पट्टा कुठं बांधतो, कुणी पाठीला वेल्क्रो लावलंय, कुणाचं अर्धं चिलखत नुसत्या दोऱ्यावर आहे, हे त्यालाच ठाऊक. पुढच्या चिलखताचा खांदा पट्ट्यावर टांगायचा नाही, खालच्या कापडी जॅकेटला शिवायचा, हा निर्णयही त्याचाच. वजन एका बिंदूवर न येता सगळ्या पाठीवर पसरतं आणि हात वर केला तरी खांदा मानेत घुसत नाही. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर बसून त्यानं तिकिटाच्या पाकिटावर तसं चित्रच काढून दाखवलं.

चिलखताचं पुढे काय होतं? माळ्यावर टाकलं तर उंदीर आणि ओल. वैशाख जवळ आला की गल्लीतलं मंडळ विचारतंच, ते खांदे आणि छाती मिळतील काय, मावळ्यांना लागणार. देता येतं, थोडं काम आहे. जुना रंग आधी सँडपेपरनं घासून काढावा लागतो, रंगावर गोंद धरत नाही. चांदीचा हात झाकून तपकिरी, वर कड्यांच्या जाळीचा आभास हवा तर पायपुसण्याची रबरी जाळी दाबून ठसा. रात्रीची मिरवणूक, गार हवा, त्यामुळे घामाचा प्रश्न कमी. यंदा ढालही दिली. मंडळातल्या एका दादांनी ती हातात घेतली, वर-खाली करून तोलली, बोटानं टिचकी मारली. "दिसते बरोबर, पण वजनच नाही की गा हिला. हातात काय धरलंय ते पोराच्या दंडाला कळायला नको?" त्यांना दरवाज्यावरची तपासणी, कणा, प्लास्टिकचा पाइप, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि ढालीच्या आतल्या बाजूला लोखंडी पट्टी कुठं बसवता येईल ते बघायला लागले.